पाडव्याची गाडी आणि कोटेशनमधले साठ हजार : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ही माझ्या बहिणीच्या घरातली गोष्ट आहे, मार्च 2025 मधली. गाव, शोरूम, गाडीची कंपनी, मॉडेल यातलं काहीच लिहीत नाही, दाजींनी त्याच अटीवर लिहायला हो म्हणलंय. रकमा मात्र त्यांच्या फाईलमधल्याच आहेत.

दाजी हायस्कूलला शिक्षक. शाळा घरापासून 28 किलोमीटर, रोजचं जाणं येणं, त्यात ताईचं माहेर, लग्नकार्यं, आप्पांचं दवाखान्याचं, असं सगळं धरून वर्षाला 18-20 हजार किलोमीटर सहज होतं. आप्पा म्हणजे दाजींचे वडील, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. आयुष्यभर सरकारची गाडी चालवली, घरात आली ती दाजींनी सात वर्षांपूर्वी घेतलेली सेकंडहँड छोटी गाडी. त्यामुळं शोरूममधून कोरी गाडी बाहेर काढायची ही घरातली पहिलीच वेळ, आणि ती पाडव्यालाच काढायची हे आप्पांनी दिवाळीतच ठरवून टाकलेलं.

आता योग बघा. 2025 ला पाडवा आला 30 मार्चला, रविवारी. आणि 31 मार्चला आर्थिक वर्ष संपतं. म्हणजे गिऱ्हाइकाला मुहूर्ताची घाई आणि शोरूमला वर्षाच्या टार्गेटची घाई, दोन्ही एकाच आठवड्यात. खरं तर अशा वेळी गिऱ्हाइकाचं पारडं जड असायला पाहिजे, कारण त्यांना गाडी खपवायचीये. पण आपण "पाडव्यालाच पाहिजे" हे दारातनं आत शिरतानाच सांगून मोकळे होतो.

मी स्वतः बारा-तेरा वर्षांपूर्वी दोन वर्षं एका डीलरकडे बिलिंगला होतो, काचेच्या पलीकडच्या बाजूला. म्हणून घरात कुणी गाडी घ्यायला निघालं की मला फोन येतो. फक्त तो फोन नेहमी टोकन दिल्यावर येतो, आधी कधीच नाही.

अडचण काय झाली

16 मार्चच्या रविवारी सगळे जण "नुसती बघायला" म्हणून गेले. टेस्ट ड्राइव्ह झाली, मुलांना फुगे मिळाले, आप्पांना खुर्ची आणि चहा. सेल्सचा पोरगा चोवीस-पंचवीस वर्षांचा, बोलायला गोड, आप्पांना पहिल्या पाच मिनिटात "आजोबा" म्हणायला लागला. त्यानं तीन गोष्टी सांगितल्या. एक, पाडव्याच्या डिलिव्हरीचे स्लॉट फुल होत आलेत, पांढऱ्या रंगात सीएनजीच्या दोनच गाड्या शिल्लक आहेत. दोन, एप्रिलपासून कंपनी किंमत वाढवणार. तीन, परवाच्या बजेटमध्ये सीएनजी गाडीचा टॅक्स वाढलाय, एक तारखेपासून लागू होणार.

गंमत म्हणजे यातलं सगळंच खोटं नव्हतं. त्या मार्चमध्ये बऱ्याच कंपन्यांनी एप्रिलपासून भाववाढ जाहीर केलेली होती. 10 मार्चला राज्याचं बजेट मांडलं त्यात सीएनजी गाड्यांचा कर 1 टक्क्यानं वाढवायचा प्रस्ताव पण खरा होता, पुढं तो 1 जुलैपासून लागू झाला, एप्रिलपासून नाही. पण धरून चालू की एप्रिलपासून झाला असता, तरी 8 लाख 74 हजारांच्या गाडीवर 1 टक्का म्हणजे 8,740 रुपये. तेवढं वाचवायच्या घाईत दाजींनी तिथल्या तिथं 21 हजारांचं टोकन यूपीआयनं दिलं, बुकिंग फॉर्मवर सही केली, आणि कोटेशनचा कागद हातात पडला तो त्याच्यानंतर.

तो कागद मला मंगळवारी व्हॉट्सॲपवर आला. एक्स शोरूम, म्हणजे गाडीची नुसती किंमत, 8,74,000. आरटीओ 69,900. इन्शुरन्स 49,300. लॉजिस्टिक आणि हँडलिंग 8,500. बेसिक किट (सीट कव्हर, मॅट, मडफ्लॅप वगैरे) 14,900. एक्सटेंडेड वॉरंटी 16,700. "पेंट अँड अंडरबॉडी प्रोटेक्शन", म्हणजे गंज लागू नये म्हणून मारायचं कोटिंग, 18,500. रोडसाइड असिस्टन्स 1,900. फास्टॅग 600. यातनं पाडवा ऑफरचे 15,000 वजा, एकूण ऑन रोड 10,39,300. खाली बारीक अक्षरात, डिस्काउंट हा इन्शुरन्स आणि किट शोरूममधून घेतल्यासच लागू.

दाजींचं म्हणणं एवढंच होतं की "जरा जास्त वाटतंय का रे?" ताईला वाटत होतं की सगळीकडे असंच असतं. आणि आप्पांनी पेढ्यांची ऑर्डर दिलेली होती.

माझ्या मते खरी अडचण कोटेशन नव्हतंच, कागद कमी जास्त करता येतो. अडचण ही होती की घरानं मनानं गाडी घेऊन झालेली होती. गाडीच्या किमतीवर घासाघीस करायला माणूस तयार होऊन जातो, पण त्या मागोमाग येणाऱ्या आठ-दहा छोट्या ओळींपर्यंत तो दमलेला असतो. शोरूमला हे नीट माहीत असतं. गाडीवर त्यांना सुटतं थोडं, विम्यावर, लोनवर आणि ॲक्सेसरीवर बरं सुटतं, आणि त्या पोराचा महिन्याचा इन्सेन्टिव्ह पण "दर गाडीमागं ॲक्सेसरी किती" यावर असतो. मी होतो तेव्हा पण तसंच होतं, सकाळच्या मीटिंगला पोरं उभी करून आकडे विचारायचे. म्हणून त्या पोरावर मला राग कधीच आला नाही, पुढं जे झालं ते धरूनसुद्धा.

कोणते पर्याय होते

पहिला, बुकिंग रद्द करायचं. फॉर्मवर लिहिलेलं होतं की रद्द केल्यास 5 हजार कापून बाकीचे तीस दिवसांत परत. म्हणजे दरवाजा बंद नव्हता. मी स्वतः यालाच धरून होतो, निदान तोंडी धमकी म्हणून तरी. पण पाडवा गेला असता आणि आप्पांना ते सांगणार कोण.

दुसरा, जिल्ह्यातल्या दुसऱ्या डीलरकडनं कोटेशन घ्यायचं. हे आम्ही फोनवरच केलं, तिथं एक्स शोरूम तेवढीच, डिस्काउंट 12 हजार, पण हँडलिंग नावाची ओळच नव्हती. नुसता हा एक कागद खिशात असणं फार कामाला आलं.

तिसरा, गाडी तीच, शोरूम तेच, पण ओळ न् ओळ वेगळी काढून बसायचं. हाच निवडला.

लोनचं पण बघायचं होतं. शोरूमच्या फायनान्स टेबलवाल्यानं 7 लाखांचं लोन साडेनऊ टक्क्यानं सात वर्षांसाठी सुचवलेलं, हप्ता 11,441. दाजींचा पगार ज्या बँकेत होतो तिथं 9 टक्के मिळत होतं, पाच वर्षांना हप्ता 14,531. दाजी म्हणाले अकरा परवडतो, साडेचौदा ओढाताण होईल. मग आम्ही व्याज मांडलं. सात वर्षांचं 2 लाख 61 हजार, पाच वर्षांचं 1 लाख 72 हजार. 89 हजारांचा फरक बघितल्यावर ताईच म्हणाली की मी भिशी सोडते, पाच वर्षांचं घ्या.

आणि इथंच ती दुसरी गंमत लक्षात आली. त्या पोरानं दाजींना सांगितलेलं की "सर हे सगळं ॲड करून महिन्याला हजार रुपये पण वाढत नाहीत." खरंय, हँडलिंग, किट, वॉरंटी, कोटिंग आणि असिस्टन्स मिळून 60,500 होतात, ते साडेनऊ टक्क्यानं सात वर्षांत टाकले तर महिन्याला 989 रुपये. खोटं बोलला नाही तो. फक्त 989 ला 84 नं गुणलं की 83 हजार होतात. म्हणजे चिखल अडवणारा मडफ्लॅप सात वर्षं हप्त्यानं फेडायचा, तोपर्यंत तो दोनदा तुटलेला असणार.

शनिवारची बैठक

22 तारखेला मी आणि दाजी दोघंच गेलो. आप्पांना आणि मुलांना मुद्दाम नेलं नाही, यावरून ताईशी थोडी वादावादी पण झाली. पण ज्याच्यासमोर गाडीला नाही म्हणता येत नाही त्याला वाटाघाटीला न्यायचं नसतं, हे मी डीलरकडे असताना समोरच्या बाजूनं शंभर वेळा बघितलंय.

सुरुवात हँडलिंगपासून केली कारण ते सगळ्यात सोपं. मी एवढंच म्हणलं की हे 8,500 कशाचे ते बिलावर लिहून द्या आणि पावती द्या, आम्ही देतो. पोरगा आत गेला, टीम लीडर बाहेर आला, पाणी आलं, आणि ओळ गेली. वाद नाही काही नाही. कारखान्यातून शोरूमपर्यंत गाडी आणायचा खर्च एक्स शोरूम किमतीतच असतो आणि आरटीओला अशी कुठली फी नसते, हे त्यांनाही माहीत असतं. फक्त कुणी विचारत नाही.

आरटीओचं मी म्हणलं की पावतीप्रमाणे घ्या. पेट्रोलला 10 लाखांच्या आतल्या गाडीला कर 11 टक्के, सीएनजीला तेव्हा 7 टक्के होता, म्हणजे 61,180. रजिस्ट्रेशन 600, कर्जाचा बोजा चढवायचे 1,500, स्मार्ट कार्ड 200, बाकी किरकोळ. शेवटी पावती 64,760 ची झाली. वरचे पाच हजार "एजंट, धावपळ" या नावाखाली होते. आता नवीन गाडीचं पासिंग डीलरकडनंच ऑनलाइन होतं, गाडी आरटीओला न्यावी पण लागत नाही, मग धावपळ कुणाची?

इन्शुरन्सवर मात्र खरी झटापट झाली. माझ्याकडे बाहेरचं कोटेशन होतं, 32,600 चं, झिरो डेप, इंजिन प्रोटेक्ट, कन्झ्युमेबल आणि रिटर्न टू इनव्हॉइस ही जादाची कव्हरं (ॲड ऑन) धरून. शोरूमचं 49,300 चं, त्यात टायर कव्हर, चावी हरवल्याचं कव्हर आणि बॅगेज कव्हर जास्तीचं. मी म्हणलं विमा तुमच्याकडूनच घ्या अशी सक्ती करता येत नाही, विमा नियामकाचे डीलरसाठीचे नियम 2017 पासून आहेत. टीम लीडर हसला, म्हणाला "सर सक्ती कुठंय, तुम्ही खुशाल बाहेरून घ्या, फक्त ऑफर लागू होत नाही." आणि खरं सांगायचं तर या उत्तरावर माझ्याकडे लगेच काही नव्हतं. नियम एका बाजूला, अट दुसऱ्या बाजूला, मधल्या फटीत धंदा.

मग आकडेच काढले. बाहेरून घेतला तर 16,700 वाचतात, डिस्काउंट 15,000 जातो. म्हणजे एवढी झटापट करून फायदा 1,700. दाजी म्हणाले सोड मग. तेव्हा मी जुन्या गाडीची पॉलिसी काढली. दाजींनी सहा वर्षांत एकही क्लेम केलेला नाही, म्हणजे नो क्लेम बोनस 50 टक्के. हा बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो, जुनी गाडी विकली की त्या विमा कंपनीकडनं पत्र घ्यायचं आणि नव्या गाडीच्या ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या, प्रीमियमवर लावायचा. तीन वर्षं चालतं ते पत्र. शोरूमच्या कोटेशनमध्ये त्या जागी शून्य होतं. कुणी विचारलंच नव्हतं की जुनी गाडी आहे का, तिच्यावर क्लेम झालाय का. बाहेरच्या 32,600 मध्ये तो मी धरून घेतलेला होता.

बोनस लावून आणि चावी, टायर, बॅगेजचं कव्हर काढून शोरूमची पॉलिसी 36,500 वर आली. आता बाहेरच्यापेक्षा 3,900 नं महाग, पण 15,000 चा डिस्काउंट हातात. शोरूमचीच घेतली. मी मांडलेलं सगळं तत्त्व बाजूला ठेवून घेतली, कारण हिशोब तसा सांगत होता. नवीन गाडीला थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, तीन वर्षांचा घ्यावाच लागतो, 1000 ते 1500 सीसीला तेव्हा 10,640 रुपये, तो कुठंही घ्या तेवढाच. कमी जास्त होतं ते ओन डॅमेज आणि ॲड ऑनमध्ये. ओन डॅमेज एकच वर्षाचा असतो, म्हणजे पुढच्या मार्चला तो बाहेरून घ्यायची मोकळीक होतीच.

किटची पण अट होती. इथं दाजींना मी गाडीजवळ घेऊन गेलो, डिस्प्लेला तेच मॉडेल उभं होतं. ड्रायव्हर सीटच्या दाराकडच्या कडेला शिलाईत एक बोटभर लेबल असतं, त्यावर एअरबॅग लिहिलेलं. सहा एअरबॅगची गाडी, साइडच्या दोन सीटच्या आत असतात आणि वेळ आली तर ती शिलाई फाडून बाहेर येतात. किटमध्ये जे रेक्झिनचं सीट कव्हर होतं ते त्या कडेवरनं घट्ट ओढून बसणारं, मी दाखवलं, बोटानं दाबून बघायला सांगितलं. दाजी विज्ञान शिकवतात, त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. एअरबॅगचे पैसे द्यायचे आणि वर तिचं तोंड शिवायचे पण पैसे द्यायचे. टीम लीडर म्हणाला एअरबॅगवालं कव्हर पण आहे, ते 9 हजारांचं. आम्ही मॅट आणि मडफ्लॅप तेवढे घेतले, 3,900, आणि "किट घेतलं" अशी नोंद झाली. अट म्हणजे काय तर हे असं असतं. बाकी गाडीचं कव्हर वगैरे पुढं बाजारातल्या दुकानात अडीच हजारात आलं.

एक्सटेंडेड वॉरंटीवर माझं मत सरसकट नाही म्हणायचं नव्हतं. वर्षाला 20 हजार किलोमीटर चालणारी सीएनजी गाडी आहे, मला ती घ्यावी वाटत होती. फक्त कंपनीच्या ॲपवर तीच 13,400 ला दिसत होती. मोबाईल पुढं धरला, 13,400 झाले. रोडसाइड असिस्टन्स कंपनीचं पहिल्या वर्षांत फुकटच होतं, ते गेलं.

कोटिंगला आम्ही नाही म्हणलं. तोंडी. मान हलवून. पोरानं पेनानं त्या ओळीवर रेघ मारली आणि आम्ही ती रेघ बघून निघालो.

जुन्या गाडीचं एका ओळीत सांगतो, शोरूमनं एक्सचेंज बोनस धरून 1 लाख 50 हजार सांगितले, दाजींच्या मित्रानं 1 लाख 60 दिले, नाव ट्रान्सफरचे फॉर्म 29 आणि 30 सही करून तिथल्या तिथं ऑनलाइन अर्ज केला, नाहीतर उद्या त्यानं कुणाला ठोकलं की नोटीस दाजींना.

लोनच्या कागदात पण एक सापडलं. ऑक्टोबर 2024 पासून बँकेला सगळ्या किरकोळ कर्जांना एक-दोन पानी मुख्य माहितीपत्रक द्यावं लागतं, त्यात सगळे चार्जेस धरून खरा वार्षिक दर असतो. त्यात 11 हजारांचा लोन सुरक्षा विमा दिसला. दाजींचा टर्म इन्शुरन्स आधीच आहे. सांगितल्यावर काढला. शोरूम काय आणि बँक काय, विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

डिलिव्हरीचा दिवस

पाडव्याला शोरूमसमोर मांडव घातलेला, गाड्या रांगेत, प्रत्येक गाडीवर लाल सॅटिनचं कापड, प्रत्येक कुटुंबाला वीस मिनिटं. गुरुजी एकच, ते या गाडीवरनं त्या गाडीवर. आप्पा फेटा बांधून आलेले. मी पांढरा झब्बा घालून गेलो होतो, ही चूक होती ते पुढं कळेल.

शेवटचं पेमेंट करायला काउंटरवर गेलो तर फायनल बिलात कोटिंग 18,500 तसंच. मी म्हणलं हे काढलेलं. पोरगा खाली बघून म्हणाला "सर, पाडव्याच्या सगळ्या गाड्या परवाच वर्कशॉपला गेल्या, बॅचमध्ये कोटिंग झालंय." झालंय. आता झालेलं काढणार कसं. मागं अजून चार कुटुंबं उभी, गुरुजी हाक मारतायत, ताई खुणा करतीये, मुलं कापड ओढायला उतावीळ.

आप्पा जवळ आले आणि हळू म्हणाले, "पाव्हणं, शुभ दिवशी वाद नको. देऊन टाका."

मी म्हणलं आप्पा दोनच मिनिटं. आणि झब्ब्यासकट फरशीवर आडवा झालो, दाजींनी मोबाईलची बॅटरी धरली. पुढच्या चाकांच्या कमानीत काळं रबरासारखं फवारलेलं होतं, अजून वास येत होता. मागं सायलेन्सरच्या वर, मागच्या चाकांच्या आत, कंपनीचा मूळ रंग तसाच. आणि दाराखालच्या पट्टीत पाणी निथळायला बारीक भोकं असतात, त्यातली दोन या काळ्यानं बुजलेली. ही भोकं बुजली की पाणी आत साठतं आणि गंज आतनं लागतो, म्हणजे गंज लागू नये म्हणून जे लावलं त्यानंच सोय झाली. आप्पांनी पण वाकून बघितलं. आयुष्यभर एसटी चालवलेला माणूस, एकच वाक्य बोलले, "हे अर्धंच केलंय की." त्याच्यानंतर मात्र ते "देऊन टाका" म्हणाले नाहीत.

टीम लीडर आला. मी फोटो दाखवले. शेवटी 9,000 वर तुटलं, भोकं मोकळी करून द्यायची आणि मागचं पहिल्या सर्व्हिसला करून द्यायचं या बोलीवर. मला हे 9,000 पण द्यायचे नव्हते. कबूल करतो की मी थकलो होतो, आणि आप्पांच्या फेट्याकडे बघून दिले.

त्याच टीम लीडरनं जाताना आप्पांना विचारलं पुढं बंपरवर लोखंडी गार्ड लावून देऊ का, सहा हजार, बाहेरच्या पोराकडनं. आप्पांना मनातनं पाहिजे होता, एसटीला असतो म्हणून. केंद्रानं डिसेंबर 2017 मध्येच असल्या गार्डवर कारवाई करायला सगळ्या राज्यांना कळवलंय आणि धडकेचा जोर त्यामुळं भलतीकडेच जातो, एवढं सांगितल्यावर आप्पा नाराजीनं गप्प बसले.

शेवटी हिशोब

गाडी पडली 9,87,160 ला. सुरुवातीचा कागद 10,39,300 चा होता, म्हणजे 52,140 कमी. लोनचं व्याज वेगळं. यात आम्ही काही जगावेगळं केलं नाही, दोन शनिवार-रविवार गेले आणि थोडा वाईटपणा आला.

पण एक गोष्ट मला शेवटी, घरी फाईल लावताना कळली. फॉर्म 21 वर, म्हणजे गाडी विकल्याच्या सर्टिफिकेटवर, गाडी बनल्याचा महिना लिहिलेला असतो. त्यावर नोव्हेंबर 2024. म्हणजे आम्ही 2025 च्या मार्चमध्ये गेल्या वर्षीचा स्टॉक घेतला होता. अशा गाडीवर डिस्काउंट वेगळाच असतो, 15 हजारांपेक्षा बराच जास्त, आणि उद्या विकताना किंमत 2024 ची येणार. बाहेरची कोटेशनं, बोनस, एअरबॅगचं लेबल सगळं बघितलं आणि ज्यावरनं गाडी कधी बनली ते कळतं तो चासी नंबर बुकिंगच्या वेळी मागायचा, तो विसरलो. डीलरकडे दोन वर्षं काढलेला माणूस. दाजींना हे मी दोन महिने सांगितलं नव्हतं.

दुसरी गोष्ट आमच्या हातातली नव्हती. 22 सप्टेंबर 2025 ला छोट्या गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, सेस पण गेला, आणि तीच गाडी पाऊण लाखाच्या आसपास खाली आली. 8,740 वाचवायच्या घाईत टोकन दिलेलं, त्यावर दाजी आता स्वतःच हसतात. मार्चमध्ये हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळं त्याचा दोष कुणाला देता येत नाही.

परत करायचं झालं तर

टोकन. सगळं तिथंच आहे. 21 हजार देण्याआधी ओळ न् ओळ लिहिलेलं कोटेशन हातात पाहिजे होतं, आणि बुकिंग फॉर्मवर दोन वाक्यं स्वतःच्या हातानं लिहायला पाहिजे होती, मला मिळणाऱ्या गाडीचा चासी नंबर अमुक, आणि माझ्या लेखी परवानगीशिवाय गाडीला काहीही लावायचं नाही. पोराच्या पेनाच्या रेघेवर विश्वास ठेवला तो 9 हजारांना पडला.

डिलिव्हरीच्या दोन दिवस आधी वर्कशॉपला जाऊन गाडी बघायला पाहिजे होती. मुहूर्ताच्या दिवशी गाडीखाली झोपून काही सिद्ध करता येतं खरं, पण भांडता येत नाही. पैसे पण शेवटचे पन्नास हजार तेव्हाच द्यायचे, गाडी बघून झाल्यावर. आम्ही लोनचा चेक आधीच जाऊ दिला, त्यामुळं काउंटरवर आमच्या हातात फारसं काही उरलेलं नव्हतं.

पाडव्याबद्दल मी आता आप्पांशी भांडणार नाही. पण पूजा पाडव्याला आणि गाडी शुक्रवारीच घरी, हे चाललं असतं. हे मी गुरुजींना नंतर विचारलं, ते म्हणाले खुशाल.

कोटिंगबद्दल तक्रार करायचं पण डोक्यात होतं, 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन करून. फोटो होते, बिल होतं. पहिल्या सर्व्हिसला मागचा भाग करून दिला, भोकं मोकळी केली, मग राहून गेलं.

आणि एक हत्यार आम्ही वापरलंच नाही. डिलिव्हरीनंतर आठवड्याभरात कंपनीच्या हेड ऑफिसकडनं फोन येतो, दहापैकी किती मार्क. नऊ जरी दिले तरी त्या शोरूमला खुलासा करावा लागतो, म्हणून तो पोरगा आधी तीन वेळा दाजींना फोन करून विनवत होता, सर प्लीज दहा द्या. मी दाजींना सांगून ठेवलेलं की कोटिंगचं तेव्हा सांगा, तिथं सांगितलेलं लागतं. फोन आला तेव्हा दाजी वर्गात होते, बाहेर येऊन बोलले. संध्याकाळी मी विचारलं किती दिले. म्हणाले, "दहा. पोरगं चांगलं होतं रे, मुलांना अजून फुगे देतंय सर्व्हिसला गेलो की."